दोन्ही एकदम

कचरूभाऊ बेंडकोळींचा फोन सकाळी सहाला,
गंगापूरच्या बॅकवॉटरवरून.
"दोन्ही गेली, मास्तर. पार मध्यावर.
वल्ही मारत आणली. खांदे राहिले नाहीत."

मी मास्तर नाही. अंबडच्या कारखान्यात
एकतीस वर्षं पंपांची सीलं बसवली,
तेवढ्यावर लोक म्हणतात.
स्कूटरवर पान्यांची पेटी, डब्यात दोन भाकऱ्या.
सोमेश्वर मागे पडलं तेव्हा
द्राक्षबागांत फवारणी चालू होती.

पाणी शोधताना घाई करायची नाही.
ते कुठे बसलंय एवढं दाखवतं,
कुठून आलं ते सांगत नाही.

आधी प्लग काढले. डाव्याचे दोन, उजव्याचे दोन.
दोरी ओढली तशी भोकांतून पिचकारी
थेट कचरूभाऊंच्या शर्टावर.
"हेड गेलं काय?"
डॉक्टरला विचारतात तसं विचारलं,
उत्तर नको असल्यासारखं.

हेडचं गॅस्केट गेलं तर एकाचं जाईल.
एक्झॉस्टमधून पाणी उलटं चढलं, तरी बहुधा एकाचं.
दोन्ही इंजिनं एकाच तासात आडवी होतात
तेव्हा ती ज्या भांड्यातून पितात
ते भांडं बघायचं.

तरीही खालचे स्क्रू ढिले केले. सवय.
उजव्याचं गिअर तेल मधासारखं.
डाव्याचं पांढुरकं, दूध जास्त झालेल्या चहासारखं.
पंखा उतरवला, तर दांड्यावर
कुणाची तरी तंगूस, इतकी आवळलेली
की सीलच्या ओठाला चीर.
म्हणजे डाव्याला दुखणी दोन.
पहिलं सापडलं की हात धुणारे मिस्त्री
मी खूप पाहिलेत.

मग टाकीच्या तळाशी नळी सोडली,
काचेच्या बाटलीत ओढलं, उजेडाकडे धरलं.
थांबलो.
हळूहळू रेघ पडली.
वर पेट्रोल, खाली चार बोटं दुसरंच काही.
हल्ली पेट्रोलात उसाचं स्पिरिट असतं,
ते पाणी दिसताच पेट्रोलला सोडतं
आणि त्याच्यासोबत तळाला जाऊन बसतं.

परवाचा अवकाळी रात्रभर टाकीवर पडला होता.
झाकण उघडलं.
आत रबराची चकती नव्हती,
नुसती तिची गोल खूण.

कचरूभाऊ चपलेनं वाळू सारत राहिले.
"ती घरी हाये."

घर वर, चढावर. अंगणातून सगळं धरण दिसतं.
मागच्या बाजूला निळा ड्रम, त्याला पितळी नळ.
सुंद्रावहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या,
"तिसऱ्या दिवशी येतं पाणी, मास्तर.
रात्रभर टिपटिप ऐकू यायचं. झोप लागंना.
मीच काढायला लावली."

मी नळाखाली तळहात धरला.
कोरडा.
चकती इतकी चोख बसली होती
की एकतीस वर्षांचा माणूस
तिच्याहून नीट बसवू शकला नसता.

ती काढली नाही.
पेटीत पेट्रोलला न फुगणाऱ्या रबराचा तुकडा होता
(ट्यूबचं रबर लावू नये, महिन्यात लापशी होते).
स्टीलच्या पेल्याने गोल आखला, ब्लेडने कापला.
टाकी धुतली. फिल्टर बदलले. कार्ब्युरेटरच्या वाट्या पुसल्या.
सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून
दोरी ओढत राहिलो, रिकामी, कितीदा तरी.

डाव्याचं सील भद्रकालीत मिळालं नाही.
ते मुंबईहून येईल, सोमवार किंवा मंगळवार.
तोवर ते वर उचलून ठेवलं,
पंखा आभाळाकडे.

ऊन उतरताना उजवं खोकलं,
निळा धूर सोडला, मग लागलं.
बगलेतून बारीक धार पडू लागली
आणि कचरूभाऊ दचकले.
"हे पाणी यायलाच हवं," मी म्हटलं.
"हे थांबलं की घाबरायचं."

त्यांनी धारेत दोन बोटं धरली.
"कोमट हाये," म्हणाले,
आणि बराच वेळ हात काढला नाही.